मी रामथाचा

डब्लिन, ओहायो
१६ जानेवारी २०२५

ताई,

तुझा तिळगुळाचा फॉरवर्ड मिळाला. पतंग, हलव्याचे दागिने आणि खाली कुठल्याशा ज्वेलरचं नाव. तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला काय पाठवावं, तर दागिन्यांची जाहिरात. बहुतेक ती तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना एकदम गेली असणार आणि माझं नाव त्यातून काढायचं राहून गेलं असणार. तसं असेल तर हे पत्र इथेच फाडून टाक. मुद्दाम पाठवला असशील तर पुढे वाच.

पत्र अशासाठी, की फोनवर तू रडतेस. तू रडायला लागलीस की मी गप्प होते, तुला पाणी प्यायला सांगते, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की भांडायला फोन मी केला होता आणि समजूत तुझी काढत बसले. कागदावर तुझं रडणं मला ऐकू येत नाही.

केया ख्रिसमसला माझ्याकडे होती. परत गेली. ती कशी आहे हे तू मला विचारायला नकोसच, कारण तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शाळेची बस तुझ्या कोपऱ्यावर थांबते. ती तुझ्या किचनमध्ये पोहे खाते, तुझ्या टेबलावर होमवर्क करते, आणि संध्याकाळी निमिष येऊन तिला घेऊन जातो. माझ्या मुलीच्या सगळ्या दुपारी तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे एक आड एक वीकेंड आणि इंडियानातला तो न संपणारा हायवे.

आणि हे असं का आहे, ते आपण दोघींनी एकमेकींना कधीच मोठ्याने सांगितलेलं नाही. आज मी सांगते. निमिषचा आणि माझा डिव्होर्स झाला तेव्हा भांडण फक्त एका गोष्टीचं होतं, केया कुणाकडे राहणार. मला इथे कोलंबसच्या म्युझियममध्ये नोकरी मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाची नोकरी. निमिष तुमचं नेपरव्हिल सोडायला तयार नव्हता. कोर्टाने केयासाठी एक वकील नेमली, मिसेस हॅलोरन. ती सगळ्यांना भेटली. शाळेत टीचरला, शेजाऱ्यांना, आणि तुला. तुला भेटणार हे कळल्यावर मी निर्धास्त झाले होते, ताई. म्हटलं, चला, आता माझ्या बाजूने कुणीतरी बोलेल.

तू तिला चहा करून दिलास आणि सांगितलंस, अहिल्या पिते. पुरुषांच्यात बसून पिते. मुलीचा हात मोडला त्या दिवशी ती गाडी चालवायच्या अवस्थेत नव्हती.

रिपोर्टात तुझी वाक्यं अवतरणचिन्हांत होती. मी ती माझ्या वकिलाच्या ऑफिसात, त्याच्या समोर बसून वाचली. तो म्हणाला, ‘ही कोण, तुझी नणंद का?’ मी म्हटलं, नाही, माझी बहीण.

गोड बोलायचा मेसेज पुन्हा पाठवू नकोस.

अहिल्या


डब्लिन
२ फेब्रुवारी

ताई,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दोनदा. रडली नाहीस, याचं कौतुक. ‘किती राग धरशील गं? आणि मी खोटं काय बोलले? प्यायली नव्हतीस तू? पुरुषांच्यात बसली नव्हतीस?’

चांगला प्रश्न आहे. खोटं काय बोललीस? याचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला, आणि ते सापडलं ऑफिसात.

आमच्याकडे मे महिन्यात एक प्रदर्शन आहे. इटलीत रोमच्याही आधी एट्रुस्कन नावाचे लोक राहायचे, त्यांच्या वाईन प्यायच्या भांड्यांचं. एका जुन्या देणगीतली ही भांडी वर्षानुवर्षं तळघरातल्या कपाटात पडून होती. मी गेलं वर्षभर त्यांच्याबरोबर आहे. एका पेल्यावर बाहेरून दोन मोठे डोळे रंगवलेत. पिणारा पेला तोंडाला लावतो तेव्हा समोरच्याला त्याचा चेहरा दिसत नाही, ते डोळे दिसतात. कुणी म्हणतं तो मुखवटा, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून. आपण नाही का बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावत, तसं. दुसऱ्या एका काळ्या पेल्याला खालून चार बायका धरून उभ्या आहेत. छोट्या, बोटाएवढ्या, स्वतःच्या वेण्या दोन्ही हातांत धरलेल्या, आणि डोक्यावर पेल्याचा सगळा भार. त्यांच्याकडे बघून मला आपल्या घरातल्या सगळ्या पार्ट्या आठवतात.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्याबद्दल. तोही काळाच, धुरात भाजून काळी चकाकी आणलेली माती. कडेने उठावाची एक पट्टी आहे. कोरलेला रूळ ओल्या मातीवरून फिरवलेला, त्यामुळे एकच चित्र गोल गोल परत येतं. एक कोच, त्यावर एक पुरुष आणि एक बाई, एकमेकांना टेकून रेललेले. दोघांच्याही हातात पेले. तिच्या दुसऱ्या हातात अंडं. ही माणसं अंडं थडग्यातही रंगवायची, मेल्यानंतरही आयुष्य आहे अशा अर्थाने. डोक्यावर आयव्हीची वेल आहे. ती त्यांच्या मद्याच्या देवाची खूण. पेल्याच्या पायावर एक ओळ खरवडलीय. त्यांच्याकडे भांडीच बोलतात. ओळीचा अर्थ, ‘मी रामथाचा.’ रामथा हे बाईचं नाव. पेला तिचा होता. थडग्यातही तिच्याबरोबरच ठेवला असणार.

आमचा मुख्य क्युरेटर ग्रेग. चांगला माणूस आहे, आळशी आहे. त्याने खाली लेबल लिहिलं, ‘मेजवानी : पुरुष आणि गणिका.’

मी विचारलं, गणिका कशावरून? म्हणाला, ‘ग्रीक इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय.’ आहेच तसं. एट्रुस्कन बायका नवऱ्यांशेजारी रेलून पितात, कुणाच्याही नावाने पेला उचलतात, आणि त्यांना स्वतःच्या मुलांचे बाप कोण ते माहीत नसतं, असं एका ग्रीक माणसाने लिहिलंय. त्या ग्रीकाच्या घरात बायको पाहुण्यांसमोर येतही नसे. त्याच्या पंगतीला ज्या बायका असत त्या पैसे देऊन आणलेल्या. त्यामुळे इथे पंगतीत बाई दिसली आणि त्याने पुढचं सगळं मनाने भरलं. बाई प्यायली हे खरं. पुरुषाच्या शेजारी बसली हेही खरं. उरलेलं त्याच्या डोक्यातलं. आणि अडीच हजार वर्षांनी ओहायोतला ग्रेग ते लेबलवर छापणार!

मीटिंगमध्ये मी ओरडले. ग्रेग म्हणाला, ‘अहिल्या, यू आर टेकिंग धिस पर्सनली.’ मी म्हटलं, येस.

आता तुझा प्रश्न. त्या दुपारी, भाऊजींच्या पन्नाशीला, तुझ्या बॅकयार्डमध्ये, हो, मी पुरुषांच्या टेबलावर बसले. कारण सगळ्या बायका आत तुझ्या किचनमध्ये पुऱ्या तळत होत्या आणि मला तळायच्या नव्हत्या. मी वाईन घेतली. एक ग्लास. दुसरा कुणीतरी ओतून ठेवला होता, मी त्याला तोंड लावलं नव्हतं. मी भाऊजींच्या मित्रांना हेच सांगत होते, अशीच भांडी, असेच डोळे. ते हसत होते, मी हसत होते. बऱ्याच वर्षांनी मला कुणीतरी प्रश्न विचारत होतं. मग मुलं उड्या मारत होती त्या ट्रॅम्पोलिनकडून केयाची किंकाळी आली.

मी पहिली पोचले, ताई. तुझ्याआधी, निमिषच्या आधी. तो बेसमेंटमध्ये मॅच बघत होता. तिचं कोपर उलट्या बाजूला वळलेलं मी पाहिलं आणि किल्ली काढली, आणि निमिषने सगळ्यांसमोर ती माझ्या हातातून हिसकावून घेतली. ‘तू प्यायलीयस.’

तू खोटं बोलली नाहीस. फक्त तू तो ग्रीक झालीस.

अहिल्या


डब्लिन
२९ मार्च

ताई,

केयाचा स्प्रिंग ब्रेक संपला. काल तिला सोडून आले. तुझ्या घरावरून गेले, गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. म्हणून रात्र मध्ये जाऊ दिली आणि मग लिहायला बसलेय.

मंगळवारी मी तिला म्युझियममध्ये नेलं. तिला तो डोळ्यांचा पेला आवडतो. तिने हातमोजे घातले, मी तिला तो उचलू दिला, तोंडासमोर धरायला सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो. मग रामथाचा पेला दाखवला. लेबलचं भांडण सांगितलं. ते आता मिटलंय बरं का. ग्रेगने जुन्या उत्खननाचे कागद मागवले, पेला बाईच्याच थडग्यातला निघाला, आणि त्याने मुकाट्याने ‘गणिका’ शब्द काढला. मी केयाला म्हटलं, बघ, त्या माणसाने एवढंच पाहिलं की ती नवऱ्याशेजारी बसून पितेय. बाकी त्याने मनाने लिहिलं, आणि लोकांनी खरं धरलं.

केयाने पेल्यावरची पट्टी गोल फिरून पाहिली. मग म्हणाली, ‘लाइक मावशी.’

मी चरकले. तिला त्या रिपोर्टातलं काही माहीत नसावं म्हणून मी तीन वर्षं जिवाचं रान केलंय. मी म्हटलं, मावशीचं काय?

‘शी टोल्ड देम यू वेअर ड्रंक. बाबा एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होता.’

आम्ही कॅफेटेरियात जाऊन बसलो. तिने हॉट चॉकलेट घेतलं आणि प्यायलं नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिने मला जाळीचं सांगितलं.

तुला कळलंच असेल आता मी काय म्हणतेय ते. तरी लिहिते, म्हणजे तुला कळलं नाही असं म्हणता येणार नाही. त्या सकाळी तू ट्रॅम्पोलिनची जाळी काढलीस. सेफ्टी नेट. एका बाजूने फाटली होती आणि फोटोत वाईट दिसत होती. तुला त्या खांबांना लाइटच्या माळा लावायच्या होत्या. केया तुझ्या मदतीला होती. तिनेच हूक काढले आणि जाळीची गुंडाळी गराजमध्ये नेऊन ठेवली. तू मुलांना ‘आज ट्रॅम्पोलिनवर जायचं नाही’ म्हणालीस आणि पुऱ्यांकडे गेलीस. मुलं गेलीच. मुलंच ती.

मी त्या दिवशी जाळी बघितलीच नाही. मी तिचं कोपर बघत होते. पुढच्या खेपेला आले तेव्हा नवी कोरी जाळी लावलेली होती.

इथपर्यंत मी तुला काही म्हणणार नाही. माझ्या हातूनही झालं असतं. कुणाच्याही हातून होतं.

पण हॉस्पिटलमध्ये, मी आत डॉक्टरशी बोलत असताना, तू केयाच्या कॉटशेजारी बसलीस. तिच्या केसांवरून हात फिरवलास. तो मी काचेतून पाहिला होता आणि मला वाटलं होतं, बरं झालं ताई आहे. तू तिला म्हणालीस, ‘जाळीचं कुणाला सांगू नको हं सोन्या. मम्मालासुद्धा नाही. नाहीतर पोलीस मावशीला घेऊन जातील.’

दहा वर्षांची होती ती, ताई. हातात दोन पिना घातलेल्या.

कॅफेटेरियात ती मला काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. तिचं मराठी तुला माहीत आहे, बोलताना ती नेहमी इंग्लिशमध्ये घसरते, पण हे सगळं ती मराठीत बोलली. बहुतेक मनातल्या मनात खूप वेळा म्हणून झालं असावं. ‘मी सांगितलं असतं तर मावशीला घेऊन गेले असते. मी नाही सांगितलं, म्हणून मग तुला घेऊन गेले.’

माझ्या मुलीला वाटत होतं की तिने तुला ठेवून घेतलं आणि मला घालवलं. रोज दुपारी तुझे पोहे खाताना तिला हे वाटत होतं.

मला आणखी लिहिता येत नाही.

अ.


११ एप्रिल

अदिती,

ताई म्हणायची माझी इच्छा नाही.

तू फोन केलास आणि मी उचलला, ही माझी चूक. तू रडलीस. ‘मी घाबरले गं. यांचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. इथे लोक लगेच केस करतात. घरात मुलीचा हात मोडला, जाळी नव्हती, पोलीस रिपोर्ट झाला असता तर? सगळं घालवून परत जावं लागलं असतं आम्हाला. तुला काय कळणार, तुझं तर सगळं नीट चाललं होतं!’

माझं सगळं नीट चाललं होतं.

एक गोष्ट त्या वेळी सुचली नाही, ती आता लिहिते. तू मला सांगायचंस. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेऊन नुसतं म्हणायचंस, अहिल्या, जाळी मी काढली होती, मला भीती वाटतेय. मी डॉक्टरसमोर खोटं बोलले असते. जाळी होती, वरून उडी मारली, असं शपथेवर सांगितलं असतं. तुझ्यासाठी. अमरावतीला बाबांचा रेडिओ तू फोडलास आणि मार मी खाल्ला, तेव्हा मी तुझं नाव घेतलं होतं का? तू माझ्याकडे आलीच नाहीस. दहा वर्षांच्या पोरीकडे गेलीस, कारण तिच्यावर धाक चालतो.

आणि एक निमिषने सांगितलं. हो, निमिषने. केयाने त्यालाही सगळं सांगितलं. मी सांगायला लावलं नाही, तिनेच ठरवलं. त्याने मला फोन केला. भांडायला नाही. म्हणाला, ‘मी किल्ली हिसकावली कारण अदितीताई माझ्या कानात म्हणाल्या, तिचे तीन ग्लास झालेत.’

तीन. मोजायला तू किचनमधून बाहेर आली होतीस का?

मुलगी अजून जमिनीवर पडलेली होती, आणि तू तेव्हाच ठरवलंस की हे कुणावर ढकलायचं. हे भीतीने होत नाही. भीतीने माणूस गप्प बसतो.

निमिष तयार आहे. ऑगस्टपासून केयाचं हायस्कूल इथे, डब्लिनला. पण कोर्टाची ऑर्डर बदलायला मिसेस हॅलोरन पुन्हा सगळ्यांशी बोलणार. केयाला तिच्यापुढे बसवून मावशीविरुद्ध बोलायला लावावं, अशी माझी इच्छा नाही. ते तू बोल. तुझ्या तोंडाने खराब केलंस, तुझ्याच तोंडाने नीट कर. ‘विचार करते’ म्हणालीस फोनवर.

कसला विचार?

अहिल्या


डब्लिन
२० मे

ताई,

‘ताई’ लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तू आलीस म्हणून.

मला कुणी सांगितलं नव्हतं. निमिष केयाला प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आणणार हे माहीत होतं. त्याच्या गाडीतून तू उतरलीस, ती निळी पैठणी नेसून. अशा ठिकाणी पैठणी. मला आधी त्याचाच राग आला. म्हटलं, हिला वाटतंय की हे लग्न आहे, आणि लग्नात भांडत नसतात म्हणून हिला कुणी काही म्हणणार नाही.

मी तुझ्याशी बोलले नाही. तुला दिसलं असेलच, मी मुद्दाम ग्रेगच्या बायकोशी हसून बोलत होते. पण डोळा तुझ्याकडे होता. तू एकेका काचेपाशी थांबत होतीस, चष्मा वर-खाली करत लेबलं वाचत होतीस. चार बायकांच्या पेल्यापाशी तू केयाला काहीतरी म्हणालीस आणि ती हसली. ते मला सहन झालं नाही. मी आले. तोवर तुम्ही तिघं रामथापाशी पोचला होतात.

तू मला बघितलंस. काचेकडे बोट करून म्हणालीस, ‘हा नवरा का तिचा?’

‘हो.’

‘ती बोलतेय आणि तो ऐकतोय.’

मी कित्येक महिने ते चित्र बघतेय आणि मला हे दिसलं नव्हतं. तिचा हात पुढे आहे, अंडं धरलेला, आणि त्याची मान तिच्याकडे वळलेली आहे. ती काहीतरी सांगतेय. मला तुझा आणखी राग आला. हे तुला का दिसावं?

मग तू निमिषकडे वळून बोललीस. आवाज चढवला नाहीस, पाडलाही नाहीस. ‘निमिष, जाळी मी काढली होती. अहिल्याचा एकच ग्लास झाला होता. मला माहीत होतं. केयाला मीच गप्प बसवलं.’

एवढंच. आजूबाजूला लोक चीजचे तुकडे खात होते. कुणी वळून बघितलं नाही. निमिषने मान खाली घातली. केयाने तुझा हात धरला. तुझा धरला, माझा नाही, हे मी पाहिलं. आणि तू माझ्याकडे बघत उभी राहिलीस, आता मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी निघून गेले. त्याबद्दल माफी मागणार नाही. का गेले ते सांगते.

मला वाटलं होतं, तू हे बोललीस की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. तीन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. गाडी चालवताना तुझ्याकडून हेच वदवून घेत होते, कधी कोर्टात, कधी आईसमोर, कधी नुसतं फोनवर. दर वेळी ते तुला फार जड जायचं. तू कोसळायचीस. आणि काल तू ते उभ्याउभ्या, पदर सारखा करत बोललीस. चहाला आधण येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. मग मला कळलं की हे मुळात एवढंच होतं. कुठल्याही मंगळवारी तुला हे बोलता आलं असतं. केयाच्या दहाव्या वर्षी, अकराव्या, बाराव्या. तिला पहिल्यांदा पाळी आली आणि मी फोनवरून तिला पॅड कसं लावायचं ते सांगत होते, त्या दिवशीही. तुला ते अशक्य होतं असं मी धरून चालले होते, म्हणून मला जगता येत होतं. ते इतकं सोपं होतं, हे मला माफ करता येत नाही.

मी मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या खोक्यांवर लाथा घातल्या. ग्रेग आला, बघितलं, आणि दार लावून निघून गेला. आळशी माणसाचे काही फायदे असतात.

तू परत जाताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी ठेवून गेलीस. बरणी केयाने दिली. मी ती खाल्लेली नाही. फेकलेलीही नाही. फ्रिजमध्ये आहे.

हॅलोरनचा नंबर निमिषकडे आहे.

अहिल्या


डब्लिन
३० जून

ताई,

मिसेस हॅलोरनचा मला फोन आला. तू स्वतःहून तिच्या ऑफिसला गेलीस, भाऊजींना बरोबर घेऊन, हे तिने सांगितलं. भाऊजींना तोवर माहीत नव्हतं, हेही. घरी काय झालं असेल त्याची कल्पना आहे. तुला त्याबद्दल वाईट वाटून घेण्याइतकी मी अजून चांगली झालेले नाही.

ती म्हणाली, ‘तुझी बहीण फार रडली.’ मी विचारलं, बोलली का पण? म्हणाली, ‘हो. सगळं. मी थांबवेपर्यंत.’

जज्जने गुरुवारी सही केली. केया ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतेय. निमिषला एक आड एक वीकेंड आणि तो हायवे. मला वाटलं होतं मला याचा आनंद होईल. पण त्याने फोनवर तारखा उतरवून घेतल्या तेव्हा त्याचा आवाज ओळखीचा वाटला. तो माझाच होता, तीन वर्षांपूर्वीचा. तुझ्यामुळे कुणी ना कुणी त्या रस्त्यावर असणारच होतं, आता तो आहे.

तुझा मेसेज मिळाला, ‘आता झालं ते सगळं विसरून जाऊ.’ नाही. तू विसर. मी विसरणार नाही आणि तुला विसरू देणार नाही. दिवाळीला फराळाचा डबा पाठवलास तरी घेईन, लाडू खाईन, आणि विसरणार नाही. आपल्यात आता हेही एक राहणार. ते नको असेल तर डबा पाठवू नकोस.

केया तुझ्याकडे येईल. तो तिचा आणि तुझा मामला आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला तू आवडतेस. मी तिला विचारलं, तुला राग नाही येत मावशीचा? ‘येतो. बट शी वॉज स्केअर्ड, मम्मा. आय वॉज देअर.’ मी तिथे नव्हते, हे ती म्हणाली नाही. पण बरोबर आहे तिचं. त्या कॉटशेजारी तुम्ही दोघीच होतात. तुझा चेहरा तिने पाहिलाय, मी फक्त काचेतून पाठ पाहिली.

तिचं सामान न्यायला मी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येतेय. व्हॅन घेतलीय. तिचा पलंग, पुस्तकं, आणि तो ढोल, जो ती कधी वाजवत नाही आणि देऊनही टाकत नाही. निमिषकडून निघालं की हायवेला जायचा रस्ता तुझ्या दारावरून जातो, दुसरा नाही. तू पोर्चमध्ये उभी राहशील हे मला माहीत आहे. नको राहू, असं लिहिणार होते. राहा.

केयाने थांब म्हटलं तर मी थांबेन. ती उतरेल, तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. मी गाडीतच बसेन, इंजिन चालू ठेवून. माझ्याकडे येऊ नकोस, काचेवर टकटक करू नकोस. मी तुझ्याकडे बघेन. या वर्षी एवढंच जमेल.

अहिल्या